जें घर अजून उभें नाहीं त्याचें चित्र

हिंजवडी ओलांडून माणच्या बाजूस जाऊं लागलें म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस मोठमोठे फलक लागतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ते पाहिले असतील. माण हें मुळशी तालुक्यांतील जुनें, शेतकऱ्यांचें गांव. राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच्याच शिवारांत आला, आणि शिवाजीनगरपर्यंत आंखलेल्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचें एक टोंकही येथेंच आहे. तेव्हां माळावर इमले उठावेत यांत नवल नाहीं. नवल आहे तें फलकांवरील चित्रांचें. जी इमारत अद्याप पायाच्या खड्ड्यांतून वर आलेली नाहीं, ती चित्रांत तीस मजले उंच उभी असते. तिच्या कांचांवर सोनेरी ऊन पडलेलें असतें. दारांत तळें असतें, आणि तळ्याकांठीं ताडासारखीं कसलींशीं परदेशी झाडें असतात. चित्राच्या तळाशीं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'कलावंताची कल्पना' असे दोन शब्द छापलेले असतात.

अशा चित्रास आर्किटेक्टांच्या बोलींत रेंडरिंग म्हणतात. आम्ही त्यास इमारतीचें बाह्यचित्र म्हणूं. चित्रकलेची गोडी असलेलीं कांहीं मुलें हल्लीं घरच्या काँप्युटरवर अशीं बाह्यचित्रें करूं लागलीं आहेत, आणि त्यांतल्या एकानें आम्हांस विचारलें, 'आमचें चित्र त्या फलकांसारखें झगझगीत कां होत नाहीं?' मुलाला वाटत होतें कीं आपल्याला कांहीं युक्ति ठाऊक नाहीं, किंवा आपलें यंत्र जुनें आहे. आमचें उत्तर त्याला विचित्र वाटलें. आम्हीं म्हटलें, 'तुझें चित्र सुधारावयाचें असेल तर त्यांत आणखी कांहीं घालूं नकोस. एकदां माणला जा, आणि चार घटका उभा राहून पाहा.' तें उत्तर जरा विस्तारानें सांगावें म्हणून हा लेख.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा असता तर वार्षिकाचीं इतकीं पानें आम्हीं त्यावर खर्चिलीं नसतीं. पण या फलकांखालीं उभें राहून माणसें आपल्या आयुष्याची शिल्लक देऊन टाकतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं वीस वर्षांचें कर्ज काढून अशाच एका चित्रावरून चौथ्या मजल्यावरील जागा घेतली. चित्रांत सज्जापुढें हिरवें कुरण आणि त्यापलीकडे डोंगरांच्या निळ्या रांगा होत्या. डोंगर खोटे नव्हते. ते तेथें आहेतच. कुरणही खोटें नव्हतें. चित्र केलें त्या वर्षीं त्या जागीं गवतच होतें. परंतु तें कुरण दुसऱ्याच्या मालकीचें होतें, आणि दोन वर्षांत त्यावर बावीस मजल्यांची भिंत उभी राहिली. त्या गृहस्थांची पत्नी आम्हांस म्हणाली, 'आम्हीं घर पाहिलेंच नव्हतें हो, आम्हीं चित्र पाहिलें होतें.'

अशा फसगतीस आतां कायद्याचा थोडा आधार आहे. २०१६ सालीं संसदेनें स्थावर संपदेच्या नियमनाचा व विकासाचा कायदा केला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें जाहिरातींतील वा माहितीपत्रकांतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचें नुकसान झालें, तर त्याची भरपाई द्यावी लागते. आणि त्यास व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असल्यास सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागते. महाराष्ट्रांत या कायद्याखालचें प्राधिकरण, ज्याला लोक महारेरा म्हणतात, मे २०१७ पासून काम करीत आहे. जाहिरातीवर नोंदणीचा क्रमांक असावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडची चौकोनी खूणही. मोबाइलनें ती टिपली म्हणजे प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. पालकांनीं चित्रांतील तळें पाहण्यापूर्वीं ती खूण पाहावी अशी आमची विनंती आहे. तथापि कायदा खोट्या विधानास धरूं शकतो. चित्रानें जें सांगावयाचें टाळलें, त्यास धरणें अवघड. शेजारचें रिकामें शेत हें विधान नव्हे. तेथें पाहणाऱ्याचा डोळाच शिकलेला पाहिजे, आणि त्याहीआधीं चित्र काढणाराचा हात.

भावी इमारतीचें चित्र काढून धनिकास मोह घालण्याची चाल नवी नाहीं. मुंबईचें बोरीबंदर स्टेशन, ज्यास आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, तें बांधावयास सुमारें दहा वर्षें लागलीं. काम सुरू झालें त्याच सुमारास, १८७८ सालीं, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून अॅक्सेल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकारानें त्याचें जलरंगांतील चित्र केलें. म्हणजे घुमट चढण्यापूर्वींच तो कागदावर चढला होता. याच हेगनें विल्यम बर्जेस या इंग्रज वास्तुकारासाठींही चित्रें केलीं होतीं. बर्जेसनें १८६६ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेकरितां एक भव्य इमारत योजिली होती. तिचीं चित्रें आजही मन ओढून घेतात. इमारत मात्र कधींच बांधली गेली नाहीं. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला शुभवर्तमानांत आहे. चित्रकारास तो हिशेब करावा लागत नाहीं, हेंच त्याच्या धंद्यांतील मोठें प्रलोभन.

हेगच्या काळीं एकेक सांवली फुटपट्टी लावून आंखावी लागे. आज ती यंत्र काढतें. १९८० सालीं टर्नर व्हिटेड यांनीं एक रीत मांडली: पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून एकेक किरण उलट दिशेनें सोडावयाचा, तो कशावर आदळतो, तेथून उसळून कोठें जातो, आणि शेवटीं दिव्यापर्यंत किंवा सूर्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, याचा हिशेब काँप्युटरकडून करवावयाचा. १९८६ मध्यें जेम्स काजिया यांनीं या सर्व हिशेबास एक व्यापक समीकरण दिलें. आजचीं चित्रें त्याच पायावर उभीं आहेत. यासाठीं पैसेच हवेत असेंही नाहीं. ब्लेंडर नांवाचा उत्तम प्रोग्राम २००२ सालीं जगभरच्या लोकांनीं सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून सर्वांस मोकळा केला. तो आजही फुकट मिळतो. यंत्र हिशेबांत चुकत नाहीं. पण सूर्य कोठें ठेवावा, डोळा कोठें ठेवावा आणि शेजारी कोण आहे, हें त्यास आपण सांगावयाचें असतें. आणि चित्र बिघडतें तें येथेंच.

आधीं डोळ्याचें पाहूं. फलकावरील चित्र बहुधा घारीच्या डोळ्यानें काढलेलें असतें. माणच्या रस्त्यानें चालणारा मनुष्य घार नव्हे. उभ्या मनुष्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतात, आणि यथादर्शनाचा नियम असा कीं क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. एलिमेंटरीच्या परीक्षेस बसलेल्या मुलांस हें पाठ असतें. पण त्यांतून निघणारी गंमत क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. सपाट जमिनीवर आपल्याएवढ्या उंचीचीं जितकीं माणसें चित्रांत असतील, मग तीं दहा पावलांवर असोत वा फर्लांगभर दूर, त्या सर्वांचे डोळे त्या एकाच रेषेवर आले पाहिजेत. पाय वरखालीं होतील, डोळे होणार नाहींत. ही कसोटी घेऊन रस्त्यावरील फलक तपासावेत. कोणी गृहस्थ जमिनीपासून वीतभर तरंगत असतात, तर कोणी बाई घोट्यापर्यंत फरशींत रुतलेल्या असतात. पाहणाराला नेमकें काय चुकलें तें सांगतां येत नाहीं, पण चित्र खोटें आहे हें त्याच्या मनास कळतें.

उंच इमारत चौकटींत मावावी म्हणून कॅमेरा वर कलता केला कीं तिच्या उभ्या कडा वर जातां जातां एकमेकींजवळ येतात, आणि इमारत पाठीमागें पडते कीं काय असें वाटूं लागतें. गवंडी ओळंबा लावून जी भिंत सरळ बांधतो ती चित्रकारानें वांकडी करूं नये. कॅमेरा पाणसळींत आडवा धरावा आणि मागें सरावें. तरीही शेंडा मावत नसेल तर कॅमेरा न कलवितां चौकट तेवढी वर सरकवावी. प्रोग्रामांत ही सोय असते. मागें सरावयास जागा नाहीं म्हणून फार रुंद कोनाचें भिंग लावणें हा मात्र आळस आहे. त्यानें पुढचें अंगण मैदानाएवढें होतें व दोन इमारतींमधला बोळ हमरस्त्यासारखा दिसतो. अंगण ऐसपैस दिसलें कीं पालकांनीं नकाशावरील मीटर मोजावेत.

आतां सूर्य. आमच्या मतें बाह्यचित्राचा निम्मा जीव येथें आहे, म्हणून जरा सावकाश सांगतों.

माण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेअठरा अंशांवर आहे. एवढ्या एका आंकड्यांत येथल्या सांवल्यांचें वर्षभराचें पंचांग आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर येतो, आणि दहा मीटर उंच भिंतीची सांवली उत्तरेस नऊ मीटर पडते. मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांस तो साडेएकाहत्तर अंशांपर्यंत चढतो आणि तीच सांवली साडेतीन मीटरांच्या आंत येते. मे महिन्याच्या मध्यास तो बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीस त्या क्षणीं सांवलीच नसते. तेथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो, हें पुष्कळ शहाण्या माणसांनाही ठाऊक नसतें. मग जुलैच्या शेवटीं शून्य सांवलीचा दिवस पुनः येतो, पण तो बहुधा ढगांत बुडून जातो.

यूरोपांत शिकलेल्या सवयींवर पोसलेले नमुने येथें आणले म्हणजे काय होतें पाहा. तेथें सूर्य बाराही महिने दक्षिणेस आणि बराच खालीं. त्यामुळें लांब, तिरप्या, देखण्या सांवल्या त्यांच्या चित्रांत सहज येतात. तीच सांवली उचलून कोणी माणच्या एप्रिलांतील दुपारवर टाकली तर ती येथली होत नाहीं. येथल्या एप्रिलच्या दुपारीं छज्जाची सांवली भिंतीवर जवळजवळ सरळ खालीं उतरते, एखाद्या पडद्यासारखी. छज्जा अर्धा मीटर पुढें असला तरी खिडकी सबंध झांकली जाते. ती खोल, सरळ, निळसर सांवली हेंच आमच्या उन्हाळ्याचें रूप आहे. तें चित्रांत आलें कीं घरांतील गारवा पाहणाऱ्याच्या अंगास लागतो. उलट, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिसेंबरांत सोनेरी ऊन लखलखतांना दाखविलें असेल, तर तो सूर्य माणचा नव्हे. त्या भिंतीस हिवाळ्यांत दिवसभर ऊन नसतें. जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला उगवतो, तेव्हां सकाळ-संध्याकाळीं तिला ऊन चाटून जातें, इतकेंच.

मग उत्तराभिमुख इमारतीचें चित्र सुंदर करावयाचें कसें? आमचें उत्तर, सांवलींतच. सांवली म्हणजे काळा रंग नव्हे. सांवलींतल्या भिंतीवर वरून निळ्या आकाशाचा उजेड पडत असतो आणि खालून जमिनीचा. माणच्या माळावर तांबूस मुरूम आहे. त्यावर ऊन पडलें कीं सज्जाच्या तळाची पांढरी बाजू केशरी झांक घेते. श्रावणांत तेथेंच गवत असतें, आणि तीच बाजू किंचित् हिरवट होते. काँप्युटर हा उसळलेला उजेड फुकट काढून देतो, परंतु त्यासाठीं इमारतीखालीं खरी जमीन ठेवलेली असावी लागते. मुलें बहुधा इमारत मनापासून रचतात आणि जमीन म्हणून करडा सपाट कागद अंथरतात. मग छत मेलेलें दिसतें, आणि तीं दोष देतात यंत्रास.

सूर्याची स्थिति अंदाजानें ठेवूं नये. ब्लेंडरमध्यें गांवाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ सांगितली म्हणजे सूर्य आपोआप जागेवर जाऊन बसविणारें साधन आहे. तें वापरलें कीं एक गोष्ट आपोआप उघडी पडते, जी फलकांवर कधींच नसते. सत्तर मीटर उंचीच्या इमारतीची सांवली डिसेंबरच्या सकाळीं साडेनवाच्या सुमारास सव्वाशे मीटरपर्यंत जाते, आणि भर दुपारींही साठ मीटरांहून अधिक असते. ती कोणाच्या तरी अंगणांत, कोणाच्या तरी खळ्यांत किंवा शाळेच्या मैदानांत पडणार. चित्राची चौकट त्या अंगणाच्या अलीकडेच कापलेली असते. चौकट थोडी रुंद करणें हा चित्र सुधारण्याचा एक मार्ग आहे असें आम्हीं म्हटलें तर हंसूं येईल. पण सांवली ज्या जमिनीवर पडते ती जमीन दाखविल्यावांचून इमारत जमिनीवर बसत नाहीं, ती कागदावर चिकटविल्यासारखी दिसते. येथें कलेची गरज आणि शेजाऱ्याचा न्याय एकच मागतात.

रंगांविषयीं थोडेंसेंच. ताज्या चुन्याची सफेदीसुद्धां तिजवर पडलेला सगळा उजेड परत देत नाहीं. शेकडा ऐंशीच्या आसपास देते, आणि आमच्या डोंगरांचा काळा पाषाण त्याच्या मानानें फारच थोडा. मुलें भिंतीस शेकडा शंभर पांढरा रंग देतात. मग ती भिंत दिव्यासारखी पेटते आणि तिच्यावरचे कोपरे, पन्हळी, गिलाव्याचे सांधे दिसेनासे होतात. पांढऱ्यास जरा आवरलें कीं उन्हास जागा मिळते.

कांचेचें मात्र नीट पाहिलें पाहिजे, कारण नव्या इमारती बहुतेक कांचेच्याच असतात. भर दिवसा बाहेरून खिडकी कशी दिसते? काळी. बाहेरचा उजेड आंतल्या उजेडाच्या कित्येक पट असतो, म्हणून आंतलें कांहीं दिसत नाहीं. तरी चित्रांत दुपारच्या उन्हांतही प्रत्येक खिडकीआड पिंवळा दिवा आणि पुस्तकांचें कपाट दिसत असतें. कांचेचा दुसरा स्वभाव असा कीं समोरून पाहिलें तर साधी कांच शेकडा आठांच्या आसपासच उजेड परत फेंकते, पण जसजसें तिरपें पाहावें तसतशी ती आरसा होत जाते. म्हणून उंच इमारतीखालीं उभें राहून वर पाहिलें तर खालच्या मजल्यांच्या कांचा काळसर व वरच्या मजल्यांच्या आकाशासारख्या दिसतात. माणच्या तिसऱ्या टप्प्यांत कोणत्याही कचेरीपुढें उभें राहून हें पाहतां येतें, तिकीट लागत नाहीं. आणि आरशांत आकाश दिसावयाचें तर चित्रांत आकाश कॅमेऱ्याच्या पाठीमागेंही असलें पाहिजे! पुष्कळ जण तें फक्त इमारतीच्या मागें टांगतात.

आकाशही येथलेंच घ्यावें. जूनपूर्वीं पश्चिमेस उठणारे उंच ढग, आषाढांतलें सारखें करडें छत, ऑक्टोबरांतली धुतलेली निळाई, आणि जानेवारीच्या सकाळचें धूसर वातावरण, यांपैकीं एकही भूमध्यसमुद्राकांठच्या आकाशासारखें नाहीं. ढगाळ दिवसाचें चित्र काढावयास कोणी धजत नाहीं. आम्हांस तेंच सर्वांत मनोहर वाटतें. त्या दिवशीं सांवल्या मऊ होतात, ओला रस्ता इमारतीचें रूप उलटें धरतो, आणि झाडांचा हिरवा रंग खरा दिसतो. दूरच्या डोंगरांना मात्र हात राखून रंग द्यावा. मधल्या हवेमुळें ते जितके दूर तितके फिके व निळे होतात. ज्या चित्रांत पश्चिमेच्या रांगा हाताशीं असल्यासारख्या गडद हिरव्या असतात, तेथें चित्रकारानें डोंगर जवळ ओढून विकला आहे असें समजावें.

झाडांविषयीं आमची एक तक्रार आहे. चित्रांत तीस वर्षांचा डेरेदार वृक्ष उभा असतो. प्रत्यक्षांत ताबा मिळतो त्या दिवशीं तेथें बांबूला बांधलेलें कमरेएवढें रोप असतें. दोन्ही खरीं असूं शकतात, पण एकाच दिवशीं नव्हे. त्यापेक्षां जागेवर आज जी बाभूळ, आंबा, कडुनिंब वा पिंपळ उभा आहे तो चित्रांत ठेवावा. त्यानें चित्रांत वय येतें, आणि ज्यानें तें झाड पाहिलें आहे त्याचा सगळ्या चित्रावर विश्वास बसतो. शिवाय एकदां चित्रांत आलेलें झाड तोडणें मालकासही जरा जड जातें, असा आमचा भाबडा समज आहे. माणसेंही येथलींच असावींत: डबा घेऊन निघालेला कामगार, शाळेची पिशवी पाठीवर घेतलेली मुलगी, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. परदेशी चित्रसंग्रहांतून कापून आणलेलीं, लांब कोट घातलेलीं माणसें माणच्या मे महिन्यांत उभीं केलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांची दया येते.

शेवटीं पाऊस आणि मळ. मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस ताम्हिणी घाटांत पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेकडच्या माणपर्यंत येतां येतां त्याचा जोर पुष्कळच उतरतो, तरी वारा पश्चिमेचाच असतो. म्हणून येथें पश्चिमेची भिंत आधीं काळवंडते. छज्जास खालून पाणी तोडणारी खांच नसेल तर पागोळ्या भिंतीवरूनच ओघळतात, आणि दोन पावसाळ्यांत खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखालीं काळ्या मिशा उमटतात. चित्रांत इतका मळ दाखवा असें आमचें म्हणणें नाहीं. पण जमिनीलगत वीतभर मातीचे शिंतोडे, कठड्याच्या माथ्यावर धुळीची रेघ, फरशीच्या सांध्यांत किंचित् काळेपणा, एवढें आलें तरी चित्र कारखान्यांतून निघालेल्या डब्यासारखें न दिसतां घरासारखें दिसतें. आणि एक फायदा असा कीं मळ कोठें जमेल याचा विचार करतां करतां विद्यार्थी छज्जाखालीं ती खांच काढावयास शिकतो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत वास्तुकला शिकविणारे क्लॉड बॅटली हे आपल्या विद्यार्थ्यांस जुन्या इमारतींवर जाऊन मापें घ्यावयास लावीत, त्यांतलें मर्म हेंच असावें. बोटांनीं चांचपलेली पन्हळ हात विसरत नाहीं.

हें सर्व एकत्र आणण्याची एक रीत लंडन शहरांत रूढ आहे. तेथें मोठी इमारत बांधण्याची परवानगी मागतांना ठरलेल्या ठिकाणीं, मनुष्याच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून जागेचें छायाचित्र घेतात. ती जागा मोजणीदाराकडून बिनचूक मोजून घेतात. आणि त्याच छायाचित्रांत भावी इमारत अचूक मापानें बसवून आधींचें व नंतरचें अशीं दोन दृश्यें शेजारीं शेजारीं ठेवतात. यांत कलावंताची कल्पना फारशी उरत नाहीं, पण चित्र मात्र विलक्षण जिवंत होतें, कारण त्यांतील रस्ता, तारा, झाडें आणि शेजारी सगळे खरे असतात.

आमच्या ज्या विद्यार्थ्यानें प्रथम प्रश्न विचारला होता, त्यानें हें करून पाहिलें. माणच्या एका वळणावर दीड मीटरच्या काठीवर मोबाइल बांधून त्यानें छायाचित्र घेतलें, वेळ व तारीख लिहून ठेवली, काठीची सांवली मोजली, आणि घरीं येऊन आपली कल्पनेंतली इमारत त्यांत बसविली. पहिल्या खेपेस सांवल्या जुळल्या नाहींत. छायाचित्रांतील विजेच्या खांबाची सांवली एकीकडे आणि इमारतीची दुसरीकडे. त्यानें उत्तर दिशा चुकीची धरली होती. ती दुरुस्त केल्यावर इमारतीची सांवली रस्ता ओलांडून पलीकडच्या गोठ्यावर गेली. मुलानें आपणहून वरचे सहा मजले काढून टाकले. चित्र झगझगीत झालें नाहीं. पण त्याच्या वडिलांनीं तें पाहून विचारलें, 'ही बांधली केव्हां? मी तर रोज त्याच रस्त्यानें जातों.'

येत्या मे महिन्याच्या मध्यास शून्य सांवलीचा दिवस येईल, तेव्हां शाळेस सुटी असेल. तरीही ज्यांस हौस असेल त्यांनीं पालकांसह मोकळ्या जागीं साडेबाराच्या अर्धा तास आधीं जमावें. सरळ काठी, ओळंबा, पांढरा कागद, पेन्सिल आणि पिण्याचें पाणी आणावें. टोपी विसरूं नये.